पाणी नसलेल्या जमिनीत सोनं शोधायला छोटं ड्रायब्लोअर मशिन कसं लावायचं, आणि मोटरचं घ्यावं की हाताचं?

तुम्ही लिहिलंय की ऑस्ट्रेलियात पर्थला नवीन आहात, सुट्टीत कलगुर्लीच्या बाजूला जायचंय, तिथे ओढा नाही नदी नाही म्हणून कोरड्यात काम करणारं, म्हणजे पाण्याऐवजी हवेने मातीतून सोनं वेगळं करणारं ड्रायब्लोअर मशिन हवंय, उतार किती ठेवू, खर्च किती येईल. मशिनचं नंतर बघू हो. तुमची माती कोरडी आहे का ते आधी बघा, कारण याच एका गोष्टीवरून आमच्या घरात जे भांडण झालं ते अजून मिटलेलं नाही.

मी कोल्हापूरची, बाबांचं गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात छोटं दुकान होतं. पहाटे दुकानांसमोरचा रस्ता झाडून तो केर न्यायला झारेकरी बायका यायच्या, दुकानातला केर पण विकत घ्यायच्या आणि पाण्यात पाटी फिरवून त्यातून सोन्याचा कण न् कण काढायच्या. त्यातल्या एक आजी मला शेजारी बसवून दाखवायच्या, पाटी कशी धरायची, वरची माती कशी सोडायची. ते हात मी विसरलेले नाही. पुढे लग्न होऊन इकडे आले आणि कलगुर्लीत अ‍ॅसे लॅबमध्ये नऊ वर्षं काम केलं, म्हणजे दगडात सोनं किती हे मोजायचंच काम.

तर झालं असं की माझ्या दिरांनी पर्थहून मोटरवालं ड्रायब्लोअर आणलं, चांगलं महागातलं. जून महिना, आदल्या आठवड्यात दोन सरी पडून गेलेल्या. कूलगार्डीच्या पुढे सॅमन गमच्या झाडांत जागा बघितली, तिथे राहायलाच गेलो. वरची चार बोटं लाल माती भुसभुशीत होती, खाली हात घातला तर गार लागली. मी म्हटलं भावोजी, ही ओली आहे, दोन दिवस ताडपत्रीवर पसरून वाळवू आणि आधी दोन-चार ठिकाणची माती धुऊन बघू. तर म्हणाले, वहिनी तुम्ही चहाचं बघा, मशिनचं आम्ही बघतो. चार माणसांसमोर.

दोन दिवस मशिन चाललं, धुरळा एवढा की गाडी दिसेना, आणि ट्रेमध्ये निघालं फक्त काळं लोखंडी खडं. सगळे म्हणायला लागले जागाच रिकामी आहे. मी गुपचूप मागच्या ताडपत्रीवर पडलेल्या टाकाऊ मातीतलं एक घमेलं उचललं, त्यातला शेंगदाण्याएवढा मातीचा गोळा बोटांनी फोडला, आत चिकट माती तशीच, आणि ते सगळं वीस लिटर पाण्यात पॅनमध्ये फिरवलं. कडेला काळ्या रेतीची शेपटी लागली आणि शेपटीच्या टोकाला पिवळं. तीन कण मोहरीएवढे, बाकीचे रव्यासारखे. सोनं मशिनमधून जाऊन बाहेर पडलेलं होतं. पाणी सोन्याला मातीपासून सोडवतं, वारा सोडवत नाही, ओलसर चिकणमातीचा गोळा सोनं पोटात घेऊन ट्रेवरून गडगडत जातो.

दिरांना ते पटलं नाही. मग मी मासेमारीचे शिशाचे छर्रे हातोडीने चपटे केले, मोजून वीस, मातीत कालवून मशिनमध्ये घातले. ओलसर मातीत अकरा परत आले. तीच माती दोन दिवस उन्हात वाळवून, गोळे फोडून परत घातली, एकोणीस आले. शिसं सोन्यापेक्षा हलकं (११.३, सोनं १९.३), म्हणजे शिसं थांबलं तर तेवढ्या आकाराचं सोनं थांबणारच. यावर ते म्हणाले मशिन आता सेट झालं म्हणून आलं असेल. कुणी हातच लावला नव्हता मशिनला.

तुम्हाला सेटिंग हवं होतं ना, तर हेच सेटिंग आहे, वीस छर्रे. उतार मी आकड्यात सांगणार नाही, मातीप्रमाणे बदलतो. ट्रेच्या आडव्या पट्ट्यांमागे माती अर्धी भरलेली आणि खालच्या हवेने उकळल्यासारखी हलती राहायला हवी. पट्ट्यांमागची माती साफ उडाली तर हवा जास्त किंवा उतार जास्त, माती बसून घट्ट झाली तर उलटं. छर्रे वरच्या दोन पट्ट्यांत सापडले म्हणजे बरोबर, शेवटच्या पट्टीत सापडले म्हणजे सोनं निसटतंय. वर साधारण १२ मिलिमीटरची चाळणी, माती एकसारखी घालायची, घमेलंभर एकदम ओतायची नाही. दर दहा-बारा बादल्यांनी ट्रे काढायचा, आत राहिलेलं घरी आणून पॅनमध्ये धुवायचं.

आणि मोटर की हात, तर हाताचं घ्या, भात्याचं. भाता हातात असला की माती कशी वागते ते हाताला कळतं. १८९२-९३ ला कूलगार्डी-कलगुर्लीत सोनं सापडलं तेव्हा पाणी पैसे देऊन प्यायला लागायचं, पर्थजवळच्या मुंडारिंगहून पाण्याची पाइपलाइन आली ती १९०३ ला. तोवर लोकांनी काय केलं, एका पॅनमधून दुसऱ्या पॅनमध्ये वाऱ्यावर माती ओतली. आपण खळ्यावर ज्वारी उफणतो तेच. हे ज्याला कळलं त्याला मशिन कळलं. टाकीत तेच पाणी फिरवणारी मशिनं पण मिळतात, पण चिकणमातीने पाणी पिठल्यासारखं घट्ट होतं आणि बारीक सोनं त्यात तरंगून जातं, मला ती पटत नाहीत.

खर्चाचं दुकानात विचारा, रोज बदलतं.

हां, आणि मायनर्स राइट, म्हणजे सोनं शोधायचा सरकारी परवाना, काढल्याशिवाय जाऊ नका. तो असला तरी दुसऱ्याच्या टेनमेंटवर, म्हणजे खाणकामासाठी कुणाच्या नावावर दिलेल्या जमिनीवर, लेखी परवानगी लागते, आणि यंत्राने जमीन उकरायची असेल तर त्याची वेगळी मंजुरी घ्यावी लागते. तोंडाला साधा रुमाल नको, बारीक धूळ अडवणारा पी-टू मास्क लावा, त्या धुळीत सिलिका असते, फुप्फुसात गेली की निघत नाही. हे खरं तर आधी लिहायला हवं होतं. आणि हे सगळं इकडचं आहे, भारतात कुणी भाऊ हे वाचून खणायला जाऊ नका, परवान्याशिवाय तो गुन्हा आहे.

माझे दीर दरवर्षी गणपतीत सगळ्यांना सांगतात की तिथे सोनं नव्हतंच, मशिन विकलं ते बरं केलं. त्या घमेल्यातले कण माझ्याकडे बाटलीत आहेत, कुणालाही दाखवीन. भावोजी, तुम्ही वाचत असाल तर तुम्हालाही.