पी.टी.चा तास नेमका कुठे बोचतो?

प्रश्न : माझा नऊ वर्षांचा मुलगा स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. वर्गात तो आता बऱ्यापैकी रुळला आहे. परंतु आठवड्यातून दोनदा असणाऱ्या शारीरिक शिक्षणाच्या तासाने आम्ही सगळेच हैराण झालो आहोत. आदल्या रात्रीपासून त्याचे पोट दुखू लागते आणि सकाळी तो खेळाचे बूट कपाटामागे लपवून ठेवतो. गेल्या आठवड्यात शिट्टी वाजताच तो कानांवर हात ठेवून मैदानातच खाली बसला, तेव्हा शिक्षकांनी शिक्षा म्हणून त्याला दोन फेऱ्या जास्त मारायला लावल्या. ‘सवय झाली की सगळे ठीक होईल’, असे त्यांचे म्हणणे आहे. एरवी हाच मुलगा झोपाळ्यावर तासभर रमतो आणि पाण्यात उतरला की बाहेर यायला तयार नसतो. डॉक्टरांचा दाखला आणून त्याची या तासातून कायमची सुटका करून घ्यावी, की थोडे कठोर व्हावे?
— एक आई

उत्तर : तुमच्या पत्रातील झोपाळ्याचे आणि पाण्याचे वाक्य मी दोनदा वाचले, कारण उत्तराची सुरुवात तिथेच आहे. शरीर हलवण्याचा कंटाळा असलेला मुलगा असा वागत नाही. झोपाळ्याची एकसारखी लय आणि पाण्याचा अंगावरचा समान दाब त्याला शांत करतो. मैदानावर मात्र कोणता आवाज कधी येईल, कोण कुठून धडकेल, यातले काहीच त्याला आधी ठाऊक नसते. आवाज, स्पर्श, उजेड यांची तीव्र किंवा उलट अगदी मंद जाणीव हा स्वमग्नतेचा भाग आहे, आणि 2013 सालच्या ‘डीएसएम-5’ या निदानपुस्तिकेपासून तो निदानाच्या निकषांमध्येही आलेला आहे. तेव्हा शिट्टी ऐकून कान झाकणारे मूल अवज्ञा करत नसते, ते स्वतःला वाचवत असते. त्याबद्दल शिक्षा होणे चुकीचेच होते आणि ती पुन्हा होणार नाही, एवढे तुम्ही शाळेकडून स्पष्ट शब्दांत मागून घ्यावे.

आवाजाखेरीजही या तासात बरेच काही दडलेले असते. अनेक स्वमग्न मुलांना हातापायांचा मेळ साधणे अवघड जाते. येणारा चेंडू पाहायचा, त्याचा वेग ओळखायचा आणि नेमक्या क्षणी हात पुढे करायचे, ही इतरांना सहज जमणारी गोष्ट त्यांना फार प्रयत्नाने करावी लागते, आणि तीही सगळ्यांच्या देखत. काहींना शरीराच्या आतल्या खुणा नीट उमगत नाहीत, त्यामुळे धावल्यावर वाढलेली धडधड आणि भीतीने होणारी धडधड त्यांना सारखीच वाटू शकते. सांघिक खेळांत तर कोणीही न सांगितलेले नियम असतात : हूल द्यायची, ओरडून चेंडू मागायचा, समोरच्याचा डाव चेहऱ्यावरून ओळखायचा. शेवटी संघ निवडताना कोणाचेच बोट आपल्याकडे वळत नाही, हे मुलाला कळते. ते बोलून दाखवत नसले तरी कळते.

यांपैकी तुमच्या मुलाला नेमके काय बोचते, हे आपण ठरवू नये. त्याच्याकडूनच समजून घ्यावे. ‘तुला काय आवडत नाही?’ या प्रश्नाचे उत्तर बहुधा ‘सगळेच’ असे येते. त्यापेक्षा एका कागदावर तासाचे चौकोन आखा : वर्गातून निघणे, कपडे बदलणे, रांग, व्यायाम, खेळ, परत येणे. नको वाटणारा चौकोन त्याला लाल रंगवू द्या. असाच कागद एका मुलीसमोर ठेवला असता तिने धावणे आणि चेंडू कोरे ठेवले आणि ‘रांग’ मात्र कागद फाटेपर्यंत रंगवली. मागे उभ्या असलेल्या मुलाचा हात तिच्या पाठीला सारखा लागत असे. रांगेच्या शेवटी उभे राहण्याची मुभा मिळताच तिची अर्धी तक्रार मिटली. तोपर्यंत सगळे तिला आळशी समजत होते.

तो रंगवलेला कागद घेऊनच शिक्षकांना भेटा, शक्यतो तास नसलेल्या दिवशी आणि तक्रारीचा सूर न लावता. त्यांनाही बहुधा हे कोणी सांगितलेले नसते. शिट्टीऐवजी हात वर करून खूण करणे, तासात काय काय होणार ते चित्रांनी आधी दाखवणे, खेळाच्या कपड्यांतच शाळेत येऊ देणे, संघ आधीच ठरवून येणे, यांतल्या कशालाही फारसा खर्च नाही. फार असह्य झाले तर दाखवायचे एक कार्ड त्याच्या खिशात असू द्या, आणि ते दाखवल्यावर कुठे जाऊन बसायचे ती जागा आधी ठरवून त्याला प्रत्यक्ष नेऊन दाखवा. ही मागणी म्हणजे मेहेरबानी मागणे नव्हे. संयुक्त राष्ट्रांनी 2006 साली स्वीकारलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या कराराचे तिसावे कलम शाळेतील खेळांतही अपंग मुलांना इतरांच्या बरोबरीने सहभागी होता यावे, असे सांगते.

कायमच्या सुटकेच्या बाजूने मी नाही. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटे तरी अंगमेहनत करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि तुमच्या मुलाला तर हालचालीतून शांतता मिळते. ती वाट आपणच बंद करू नये. मात्र शाळेशी बोलणी होऊन बदल प्रत्यक्षात येईपर्यंत दोन-तीन आठवडे त्याला मैदानापासून दूर ठेवावेसे वाटले, तर खुशाल ठेवा. त्यात तुम्ही हार मानली असे होत नाही.

कठोर होण्याबद्दल मात्र माझे मत ठाम आहे. ‘सवय झाली’ असे ज्याला म्हटले जाते, ते पुष्कळदा मुलाने सांगणे सोडून दिलेले असते. तासभर गप्प राहून ते सारे सोसते आणि घराचा उंबरठा ओलांडताच कोसळते. म्हणून बदल लागू पडले की नाही, हे मैदानावरून नव्हे, त्या दिवशीच्या संध्याकाळवरून आणि आदल्या रात्रीच्या झोपेवरून ठरवा. पोटदुखी चिंतेचीच आहे असे गृहीत न धरता बालरोगतज्ज्ञांना एकदा अवश्य दाखवा, कारण स्वमग्न मुलांमध्ये पोटाच्या तक्रारीही बऱ्याच आढळतात. शक्य असल्यास ऑक्युपेशनल थेरपिस्टचा सल्ला घ्या. हातापायांचा मेळ आणि संवेदनांचा त्रास या दोन्हींवर ते काम करतात.

आणि ते बूट. कपाटामागून काढून त्याच्यापुढे ठेवण्याआधी आतून एकदा बोट फिरवून पाहा. मोज्याची बोटांवर येणारी शिवण, घट्ट टाच, आत गोळा झालेले अस्तर असे काही हाताला लागले, तर मोजे उलटे करून घालायला द्या किंवा बिनशिवणीचे आणा, आणि नवे बूट घ्यायचे झाल्यास त्याला सोबत नेऊन त्याच्याच पायांना निवडू द्या. तो बूट कदाचित केवळ बुटांसाठीच लपवत असेल.