घर-हिशेब : भाडं खरंच पाण्यात जातं का?

प्रश्न : पुण्यात वाकडला आम्ही दोघं महिना २४,००० रुपये भाड्याने राहतो. त्याच सोसायटीत असाच रीसेल टू बीएचके ८० लाखांना मिळतोय. दोघांचे मिळून १ लाख १० हजार हातात येतात, शिल्लक २२ लाख आहे. घरचे म्हणतात, भाड्याचे पैसे पाण्यात. शिवाय दर ११ महिन्यांनी घर बदलायची धास्ती नको वाटते. फ्लॅट घ्यावा का?

उत्तर : हा फ्लॅट आत्ता घेऊ नका. बँक फार तर ८० टक्के, म्हणजे ६४ लाख देईल. तुमचे १६ लाख, वर ७ टक्के मुद्रांक शुल्क ५ लाख ६० हजार आणि नोंदणीचे ३०,०००. मुद्रांक शुल्क बँक किमतीत धरत नाही, हे पुष्कळांना टोकन दिल्यावर कळतं. सोसायटीचं हस्तांतरण शुल्क २५,००० पर्यंत असू शकतं. तेही तुमच्याकडे आलं, तर २२ लाख पुरत नाहीत. (घर फक्त पत्नीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, संयुक्त नावावर नाही.)

साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता सुमारे ५५,५०० येतो. पहिल्या महिन्यात त्यातले ४५,३०० निव्वळ व्याज. पाण्यात जाण्याचीच गोष्ट असेल, तर ही रक्कम तुमच्या भाड्याच्या जवळपास दुप्पट आहे! पाच वर्षांत ३३ लाख भराल आणि मुद्दल फिटेल जेमतेम साडेसात लाख. त्याच घरात दहा-पंधरा वर्षं राहणार असाल तर गणित बदलतं, कारण भाडं दरवर्षी चढतं. नोकरीचं ठिकाण बदलण्याची शक्यता असेल तर अजिबात नाही.

तुमचं खरं दुखणं ११ महिन्यांचं आहे, आणि त्यावर उपाय आहे. करार ११ महिन्यांचाच हवा असं कायदा सांगत नाही. ३६ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार करा. दरवर्षी ५ टक्के वाढ आणि पहिले २४ महिने मालक घर रिकामं करायला सांगणार नाही, हे कलम त्यात लिहून घ्या. महाराष्ट्रात नोंदणी सक्तीची आहे आणि ती जबाबदारी मालकाची. नुसत्या नोटरीवर भागवू नका. मुद्रांक शुल्क पूर्ण मुदतीच्या एकूण भाड्याच्या पाव टक्का, म्हणजे तुमच्या ३६ महिन्यांच्या भाड्यावर अडीच हजारांच्या आत.

मग हप्ता आणि भाडं यांतला फरक, ३१,५०० रुपये, वर्षभर आवर्ती ठेवीत भरून बघा. एकही महिना चुकला नाही, तर ६० लाखांपर्यंतचा वन बीएचके शोधा. त्याला सुरुवातीला साडेसोळा लाख लागतील, हप्ता ४१,७०० च्या आसपास येईल आणि वर्षभराची ठेव धरून नऊ लाख गाठीशी राहतील.