बॅलास्ट टाकी गळते : होडीचा व्यवहार रद्द करता येईल का?

प्रश्न : मी सावंतवाडी तालुक्यात राहतो. तिलारीच्या जलाशयात फिरण्यासाठी अलिबागकडील एका गृहस्थांकडून मी सहा लाखांना शिडाची जुनी होडी घेतली. तळातील बॅलास्ट टाकीत पाणी भरले की तिचा तोल सांभाळला जातो आणि पाणी सोडले की ती हलकी होऊन ट्रेलरवरून नेता येते. "टाकी कधीही दुरुस्त केलेली नाही, एक थेंब गळत नाही," असे त्यांनी व्हॉट्सॲपवर लिहिले होते. पहिल्याच दिवशी होडी भलतीच कलली आणि टाकीचे पाणी केबिनमध्ये आले. नव्या रंगाखाली जुन्या तड्यावर लावलेले फायबरचे ठिगळ निघाले. साडेचार लाख दिले आहेत, दीड लाख बाकी आहेत. पावतीवर "जशी आहे तशी" असे लिहिले असल्याने विक्रेते हात झटकत आहेत.

उत्तर : आपणांस पहिली विनंती ही की, ही होडी पुन्हा पाण्यात उतरवू नये आणि तूर्त दुरुस्तही करून घेऊ नये. अशा होडीची टाकी काठोकाठ भरलेली असावी लागते, कारण होडी कलली की वर उचलल्या गेलेल्या बाजूचे पाणी तिला मागे खेचते; टाकीत हवा शिरली तर उरलेले पाणी उलट खालच्या बाजूला धावते आणि होडी अधिकच कलते. डोंगरांनी वेढलेल्या जलाशयावर वारा अचानक झोडपतो, तेव्हा सावरायला क्षणही मिळत नाही. आपण त्या दिवशी सुखरूप काठाला लागलात, हे मला व्यवहारातील पैशांहून मोठे वाटते.

हीच बाब कायद्यातही निर्णायक आहे. मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम १२ नुसार कराराच्या मुख्य हेतूला अत्यावश्यक असलेली अट मोडली तर खरेदीदाराला करार संपुष्टात आणता येतो. दुय्यम हमी मोडली तर केवळ नुकसानभरपाई मागता येते. जिचा तोलच टाकीवर अवलंबून आहे, त्या होडीच्या टाकीविषयीचे लेखी आश्वासन माझ्या मते पहिल्या प्रकारात मोडते. मात्र दोष कळल्यावरही आपण होडी वापरत राहिलात, किंवा वाजवी मुदतीत नकार न कळवता ती ठेवून घेतलीत, तर कलम ४२ प्रमाणे आपण माल स्वीकारला असे धरले जाईल आणि परत करण्याचा हक्क बहुधा हातचा जाईल. म्हणून नकाराची लेखी नोटीस याच आठवड्यात पाठवावी.

विक्रेते व्यापारी नसल्याने गुणवत्तेची गर्भित हमी (न लिहिताही कायदा गृहीत धरतो ती) त्यांच्यावर सहसा लादता येत नाही आणि ग्राहक आयोगाचा मार्गही अवघड आहे. आपला सारा आधार त्या संदेशावर आणि रंगाखालच्या ठिगळावर आहे. ठिगळ त्यांनीच लावून वरून रंग दिला असेल, तर भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७ मधील वस्तुस्थिती दडवण्याचा हा प्रकार ठरतो आणि "जशी आहे तशी" हे शब्द त्यांना वाचवणार नाहीत. परंतु तो तडा आधीच्या मालकाच्या काळातला असून विक्रेत्यांना खरोखरच ठाऊक नसेल, तर ते केवळ चुकीचे निवेदन ठरेल. आणि तेव्हा आपण साधी दक्षता घेऊन दोष शोधू शकला असता का, हा कलम १९ मधील प्रश्न न्यायालय आपल्यालाच विचारील. त्यामुळे रंग कोणी, कधी आणि कोठे दिला हे शोधणे सर्वांत महत्त्वाचे आहे. होड्यांची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञ सर्व्हेअरकडून टाकीची लेखी पाहणी करून घ्यावी, छायाचित्रे काढावीत, खरवडलेला भाग आणखी खरवडू नये आणि संदेश असलेला मूळ फोन जपून ठेवावा. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चे, इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठीचे प्रमाणपत्र जोडून तो पुरावा मांडता येईल.

उरलेले दीड लाख आता देऊ नयेत, पण का रोखले ते नोटिशीत स्पष्ट लिहावे. होडी ठेवायचीच असेल, तर मालविक्री अधिनियमाच्या कलम ५९ खाली नुकसानीची रक्कम किमतीतून वजा करून मागता येते. तडा टाकीच्या सांध्यावर असल्यास मात्र होडी परत करावी, असेच मी सुचवीन. दाव्याची मुदत साधारण तीन वर्षांची आहे. फौजदारी तक्रारीची घाई नको.

व्यवहार टिकला तरी दोन कागद राहतात. ट्रेलर हा मोटार वाहन कायद्यात मोटार वाहनच असल्याने त्याची नोंदणी आपल्या नावावर व्हायला हवी. तसेच होडीला आउटबोर्ड (मागे बाहेरून बसवायचे) इंजिन लावल्यास अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ खाली पाहणी, नोंदणी आणि विमा यांची जबाबदारी येते. तिलारीत उतरण्यापूर्वी जलसंपदा विभागाची लेखी परवानगी घ्यावी, आणि तेथील वनक्षेत्र २०२० मध्ये संवर्धन राखीव घोषित झाले असल्याने वनविभागाकडेही विचारणा करावी.