प्रदर्शन बघून आल्यावर घरी रंगवायला बसताना

प्रदर्शनात गेलात की आधी न थांबता एक फेरी मारा. मग ज्या दोन-तीन चित्रांनी मागे ओढलं, त्यांच्याकडेच परत जा. सगळं बघायचा अट्टहास केला की डोळे थकतात आणि काहीच लक्षात राहत नाही. निवडलेलं चित्र आधी लांबून बघा, मग ब्रशचे फटकारे वेगवेगळे दिसतील इतकं जवळ जा. कॅनव्हासच्या कडाही बघा, खालचा पहिला रंग अनेकदा तिथे उघडा राहिलेला असतो. चित्रकार भेटलाच तर ‘अर्थ काय’ असं विचारू नका, ‘सुरुवात कुठल्या रंगाने केली’ असं विचारा. बहुतेकांना तेच बोलायचं असतं.

घरी स्वतंत्र खोली नसली तरी अडत नाही, उजेड मात्र हवा. उत्तर गोलार्धात उत्तरेची खिडकी उत्तम, कारण उजेड दिवसभर बराच स्थिर राहतो. रात्री रंगवत असाल तर साधारण ५००० केल्विनचा (म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा पांढरा), ९० पेक्षा जास्त सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा) असलेला दिवा घ्या; पिवळ्या बल्बखाली मिसळलेला रंग सकाळी भलताच दिसतो. ईझल (कॅनव्हास ठेवायचा स्टँड) आणि पॅलेट, दोन्हींवर उजेड सारखाच पडू द्या.

माझं ऐकाल तर आधी ॲक्रिलिक, म्हणजे पाण्यात मिसळणारे रंग घ्या. तैलरंगच हवे असतील तर खिडकी उघडी ठेवा, आणि तैलरंगातल्या जवसाच्या तेलाने माखलेली फडकी चुरगाळून कचऱ्यात टाकू नका. ती सुकताना आपोआप तापून पेटू शकतात. पाणी भरलेल्या, झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवा.