आधी आठ क्लिप, मग स्टेज

भाऊ, तू विचारलंस की एबलटन लाइव्ह, म्हणजे संगीत बनवायचं आणि स्टेजवर वाजवायचं ते सॉफ्टवेअर, शिकायला सुरुवात कुठून करू. सेशन व्ह्यूपासून कर, म्हणजे जिथे क्लिप (आवाजाचे छोटे तुकडे) चौकटींत मांडलेल्या असतात तिथून. अरेंजमेंट व्ह्यू, जिथे गाणं सुरुवातीपासून शेवटापर्यंत एका रेषेत मांडतात, गाणं पूर्ण करायला चांगला, पण लाइव्ह वाजवायचं तर क्लिपच्या त्या चौकटींमध्येच बोटं बसायला हवीत. पैसे लगेच घालू नको. बऱ्याच मिडी कीबोर्डसोबत (लॅपटॉपला जोडून सूर वाजवायचा कीबोर्ड) लाइट आवृत्ती फुकट येते, तेवढी पुरते.

पहिला महिना फक्त आठ क्लिप घे. चार ड्रमच्या, दोन बेसच्या, दोन सुरांच्या. त्यांच्यावर रोज वीस मिनिटं न थांबता वाजव. क्वांटायझेशन, म्हणजे क्लिप तालात सुरू करायची सेटिंग, एका बारवर (तालाच्या एका आवर्तनावर) ठेव, म्हणजे बटण थोडं आधी दाबलं तरी क्लिप पुढच्या समेवरच सुरू होईल. हे अंगात मुरल्याशिवाय नवीन प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडायची जास्तीची वाद्यं आणि इफेक्ट) शोधत बसू नको, मनापासून सांगतो.

बफर साइज नीट समजून घे, म्हणजे लॅपटॉप एका वेळी आवाजाचे किती सॅम्पल (बारीक तुकडे) हाताळतो तो आकडा. ४४,१०० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला तितके सॅम्पल असताना, १२८ सॅम्पल म्हणजे जवळपास ३ मिलीसेकंदांचा उशीर, ५१२ म्हणजे साडेअकरा. आकडा लहान तर बोटाला आवाज लगेच मिळतो, पण प्रोसेसरवर ताण येतो आणि आवाज तडकतो. जड सिंथचे (सॉफ्टवेअरमधल्या वाद्यांचे) ट्रॅक फ्रीझ करून ठेव, म्हणजे त्यांचा आवाज आधीच तयार राहतो आणि प्रोसेसर मोकळा होतो.

आणि आपल्या नागपूरचा मे महिना विसरू नको. ४५ अंशांत गच्चीवर लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. माझा सेट एकदा असाच मधेच अडकला होता. तेव्हापासून लॅपटॉप स्टँडवर, शेजारी छोटा पंखा, वायफाय बंद.

सीताबर्डीवरून जाणाऱ्या मिरवणुकीतलं संदल, म्हणजे ते ढोलांचं वादन, फोनवर रेकॉर्ड कर. तुझी पहिली ड्रम क्लिप त्यातूनच काप.