आईच्या तोंडची भाषा काढून घेऊ नकोस

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. बडोद्यात मांजलपूरच्या त्या डाउन सिंड्रोम असलेल्या अडीच वर्षांच्या मुलाच्या आईला डॉक्टरांनी सांगितलं की घरात मराठी बंद करा, पुढे बालवाडी गुजरातीच आहे, दोन भाषांनी पोरगं गोंधळेल. आणि ते वाक्य मराठीत करून तिला ऐकवलंस तू. त्या रात्री तुला झोप लागली नाही. आता विचारतेस, बाई, माझं काम नक्की कोणतं, थेरपिस्टचं की दुभाष्याचं?

याचं उत्तर आधी उरकते. दोन्ही कामं तुझीच, पण दोन्ही एकाच दमात करायची नाहीत. दुभाषी म्हणून बसलीस की जे बोललं गेलं ते सगळं पोचवायचं, न पटणारंसुद्धा. पदरचं घालायचं नाही आणि गाळायचंही नाही. मग थांबून दोन्ही भाषांत सांगायचं की आता मी माझं मत देते आहे. म्हणजे डॉक्टरांनाही ते ऐकू येतं आणि पाठीमागे बोलल्यासारखं होत नाही. तू नसशील तेव्हा घरातल्या मोठ्या भावंडाला दुभाषी म्हणून बसवू नका, एवढंही तुझ्या केंद्रात सांगून ठेव. शाळकरी पोराने आपल्या धाकट्या बहिणीचं निदान आईला समजावून सांगताना मी पाहिलं आहे. तसं पुन्हा कुठे होऊ नये.

आता मूळ गोष्ट. आईच्या तोंडची भाषा काढून घेऊ नकोस. कोणी काढून घेत असेल तर मध्ये पड.

तू म्हणशील, हे मला ठाऊक आहे. ठाऊक असतं तर त्या खोलीत गप्प बसली नसतीस. काय काढून घेतलं जातं, ते तू अजून कोणाच्या घरात जाऊन पाहिलेलं नाहीस.

मी पाहिलं आहे. साताऱ्याकडून लग्न होऊन बडोद्यात आलेली एक आई, वाडीतल्या दोन खोल्यांत बिऱ्हाड, मुलीला डाउन सिंड्रोम. तिलाही असंच सांगितलं गेलं होतं. तिला येणारं गुजराती भाजीवालीशी व्यवहार करण्यापुरतं. मी गेले तेव्हा ती मुलीला अंघोळ घालत होती. तांब्याने पाणी ओतत होती, साबण लावत होती, आणि तोंडातून शब्द नाही. मधेच तांब्या वर धरून विचारायची, ‘आ शुं छे?’, म्हणजे हे काय आहे? मुलगी बघत राहायची. पुन्हा, ‘बोल, आ शुं छे?’ मग ‘बेसी जा’, ‘अहीं आव’. दिवसभरात त्या मुलीच्या कानावर पडायचे ते एवढेच हुकूम आणि एवढीच परीक्षा. लाडाने रागावणं नाही, पाणी गरम आहे का गार याची बडबड नाही, मामाच्या गावची गोष्ट नाही. कारण ते सगळं त्या बाईकडे मराठीतच होतं, आणि मराठी तिला बंद केली होती.

मी तिला म्हटलं, तुम्ही तुमच्या आईशी बोलता तसं हिच्याशी बोला. भरवताना चिऊचा घास, काऊचा घास करा. मग तिला थांबायला शिकवलं. ‘हा घास...’ म्हणायचं, हात तोंडाशी न्यायचा नाही, मनात एक ते दहा मोजायचे आणि मुलीच्या चेहऱ्याकडे बघत राहायचं. आयांना हे थांबणं फार जड जातं. त्यांना वाटतं पोर उपाशी राहतंय. काही आठवड्यांनी मुलीने खिडकीकडे बघून ‘आऊ’ म्हटलं. काऊ. हा शब्द धरायचा की नाही, यावर केंद्रात वाद झाला. मी धरला. मूल एकाच गोष्टीला प्रत्येक वेळी तोच आवाज करत असेल तर तो शब्दच. ‘काऊ’ पूर्ण म्हणत नाही म्हणून कोणी खोडायला लागलं तर खोडू देऊ नकोस.

तू मांजलपूरच्या त्या मुलाचे शब्द मोजलेस, पण फक्त गुजराती मोजलेस. हे चालणार नाही. एका कागदावर दोन रकाने कर. आजीला ‘दे’ म्हणतो आणि शेजारच्या बेनला ‘आप’ म्हणतो, तर दोन्ही लिही. एका भाषेत ‘पोळी’ आहे आणि दुसरीत काहीच नाही, तरी पोळी त्याला कळते आहे. बेरीज दोन्ही रकान्यांची. भाषेची खरी अडचण असली तर ती दोन्ही भाषांत दिसते. एका भाषेत मूल पुढे आणि दुसरीत मागे असेल, तर ती दुसरी त्याच्या कानावर कमी पडली आहे, एवढाच बहुधा त्याचा अर्थ. बालवाडीच्या बाई म्हणतील हा बोलत नाही, आजी म्हणेल हा खूप बोलतो. दोघींचं लिहून घे.

आणि दोन भाषांनी गोंधळ होतो, ही भीती. डाउन सिंड्रोम असलेल्या दुभाषिक मुलांवर कॅनडात अभ्यास झाला, तो २००५ साली प्रसिद्ध झाला. दोन भाषांमुळे त्यांची प्रगती अडल्याचं त्यात दिसलं नाही. नंतर स्वमग्न मुलांवर झालेले अभ्यासही तेच सांगतात. मूल मागे आहे ते त्याच्या अवस्थेमुळे. एक भाषा काढून घेतली म्हणून दुसरी त्या जागी धावत येत नाही. राहिलेल्या भाषेत बोलणारं घरात कोणी नसेल, तर तीही येत नाही.

कोणाला वाटेल मी मराठीचा झेंडा घेऊन उभी आहे. तसं नाही. या मुलाला गुजराती हवीच. बालवाडी, रिक्षावाले काका, गल्लीतली पोरं, नवरात्रातला गरबा, त्याचं सगळं जग गुजरातीत आहे, आणि ती त्याला ती भाषा जगणाऱ्या माणसांकडून मिळेल. रावपुऱ्यातल्या एखाद्या गुजराती घराला कोणी इंग्रजी माध्यमासाठी गुजराती सोडायला लावलं, तर मी तिथेही हेच बोलेन. आईच्या तोंडची भाषा काढून घ्यायची नाही, मग ती कोणतीही असो.

सयाजीराव महाराजांनी १९०६ साली अख्ख्या बडोदा संस्थानात मुलामुलींना सक्तीचं, मोफत प्राथमिक शिक्षण दिलं. संविधानात १९५६ साली कलम ३५०-क आलं, भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं म्हणून. शाळेतल्या मुलासाठी देशाने एवढं मान्य केलं आहे, आणि अडीच वर्षांच्या, अजून धड बोलता न येणाऱ्या मुलाची मातृभाषा आपण त्याच्या घरातूनच बंद करायला निघतो, हे मला सहन होत नाही.

यापायी मी हट्टी ठरले. मी ज्या एका केंद्रात होते तिथे पालकांना द्यायला छापील पत्रक होतं, ‘घरात एकच भाषा बोला’. मी ते एकाही आईच्या हातात दिलं नाही. माझ्या गृहभेटी बंद केल्या गेल्या, मला टेबलावर नोंदी करायला बसवलं, आणि शेवटी मी बाहेर पडले. लोक म्हणतात, बाई कुठे टिकल्या नाहीत. नाही टिकले. पण टिकण्यासाठी मला ते पत्रक वाटावं लागलं असतं. माझ्या जागी जी आली तिने ते वाटलं असेल, ती घरं माझ्या मनातून जात नाहीत. तिथल्या आया किती गप्प झाल्या असतील, हे मला कधीच कळणार नाही.

तुझ्यावर एका गोष्टीसाठी मी खरंच चिडले आहे. चार पानी पत्रात मुलाच्या कानांबद्दल एक ओळ नाही. डाउन सिंड्रोमच्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठणं फार सर्रास असतं. जन्मल्यावर बेरा, म्हणजे ऐकण्याची तपासणी, नॉर्मल आली होती, यावर विसंबायचं नाही. या मुलांच्या कानांची तपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते, थायरॉइडचीही. एक महिन्यात तपासणी, तीन महिन्यांत निदान, सहा महिन्यांत उपाय सुरू, हे तुला वर्गात घोकून घेतलं होतं, ते नवजात बाळांसाठी. पण मोठ्या मुलाचे कान मग तपासायचेच नाहीत, असं कोणी सांगितलं? भाषा कोणती बोलायची याच्या आधी ऐकू किती येतंय ते बघ. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवता येईल, घरच्यांना खर्च पडणार नाही.

घाबरलीस ते मी समजू शकते. तू नवी आहेस, ते मोठे डॉक्टर आहेत, आणि ते वाईट हेतूने बोलले नव्हते. पण पुढच्या भेटीलाही गप्प बसलीस तर ते मला समजणार नाही. त्यांच्याशी भांडू नकोस. अर्धं पान लिही: मुलाच्या शब्दांचे दोन रकाने, कानाची तपासणी केव्हा झाली, घरात कोण कोणत्या भाषेत बोलतं, आणि शेवटी, आईने मराठीतच बोलावं असं मला वाटतं. खाली तुझी सही आणि नोंदणी क्रमांक.

त्याआधी शनिवारी त्यांच्या घरी जा. जेवणाच्या वेळेला जा, खेळणी नेऊ नकोस. आईला सांग, मागे जे भाषांतर मी केलं ते डॉक्टरांचं म्हणणं होतं, माझं ऐकायचं राहिलं आहे. आजीही असतील तर त्यांच्या समोरच सांग, कारण मराठी बंद झाली तेव्हा त्यांचंही नातवाशी बोलणं थांबलं असणार, आणि त्यांना कोणी काही विचारलेलं नसणार.

ते अर्धं पान मला आधी दाखवायची गरज नाही. सोमवारी ते डॉक्टरांच्या टेबलावर असू दे.

तुझ्या,
बाई