नागपूरच्या पावसाळ्यात वडिलांच्या दुनाळी बंदुकीवर गंजाचे ठिपके आले, काय करू?

गंजाला हात लावण्याआधी बंदूक उघडा. दोन्ही नळ्या उजेडाकडे धरून आरपार बघा, काल बघितल्या असल्या तरी. २० बोअरचं काडतूस १२ बोअरच्या नळीत (बोअर म्हणजे नळीचं माप, आकडा मोठा तितकी नळी बारीक) घसरून पुढे अडकतं, मागचा भाग रिकामा दिसतो. त्यामागे १२ चं उडालं की नळी फाटते. म्हणून दोन्ही काडतुसं एका डब्यात कधीच ठेवू नका.

ठिपक्यांवर तेलाचं बोट फिरवून मऊ कापडाने हळू पुसा. सँडपेपर अजिबात नको, निळसर पॉलिश जाईल. नळी साफ करायचा गज मागून पुढे घाला. चामड्याच्या कव्हरात ठेवत असाल तर आजच काढा, जून ते सप्टेंबर ते ओल धरतं. कुलूपबंद कपाटात उभी ठेवा, काडतुसं वेगळ्या कुलपात. आणि परवाना अजून वडिलांच्याच नावावर असेल तर आधी परवान्याचं काम करा.